आडनाव न विचारणारी गल्ली

६ जानेवारी

मिळाली! परभणीत खोली मिळाली!

बघितलेली अकरावी होती ही. पहिल्या दहा ठिकाणी आधी नाव विचारलं. मी 'सुकेशनी' नाव सांगितलं की पुढे जात विचारायची गरजच पडत नाही. लगेच कुणाचा तरी भाऊ पुण्याहून परत येणार असतो, नाहीतर खोलीला रंग द्यायचा असतो. एका बाईंनी तर चहा पाजून मग सांगितलं — "आमच्याकडे फॅमिलीलाच देतात." त्यांच्या जाहिरातीत 'एकट्या मुलीस प्राधान्य' होतं. मला पक्कं माहीत आहे. ती जाहिरात मीच आमच्या दुकानात बनवली होती!

आज दुपारच्या सुट्टीत पेंटर गल्लीत गेले. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे. जुनी कापसाची वखार होती, तिच्यात भिंती घालून खोल्या पाडल्यात. सहा इकडे, सहा तिकडे, मधून फरशीची वाट. पहिल्या दारात एक म्हातारे बसले होते, पायजम्यावर शंभर रंगांचे डाग. मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "हातानं काय करतीस?"

नाव नाही, गाव नाही. हातानं काय करतीस!

मी म्हटलं, डिझाइन करते. कशावर? कॉम्प्युटरवर. कशाचं? फ्लेक्सचं.

म्हातारे उठले, आत गेले, दार लावून घेतलं.

झालं, अकरावी पण गेली, असं वाटलं. तर शेजारच्या खोलीतून एक बाई हसतच बाहेर आल्या. हातात पेटीचा भाता. म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नको. मुंजाजी पेंटर हायत ते. तुमच्या फ्लेक्सनं त्यांचा धंदा बसला, म्हणून राग. नऊ नंबर रिकामी हाय. मालक मोंढ्यात बसतेत, विरूपाक्ष आप्पा. जा, किल्ली घे."

आप्पांच्या आडतीत गेले. त्यांनी पण आडनाव विचारलं नाही. "गल्लीतल्यांनी हो म्हणलं का?" एवढंच. मी त्या बाईंचं सांगितलं. "त्रिवेणीनं म्हणलं ना? मग बास."

पालमला ताईला फोन केला. धम्मशीलाताई रडली का हसली तेच कळलं नाही.

७ जानेवारी

सकाळी नळावर मुंजाजीकाका. "नमस्कार काका" म्हटलं. बादली उचलून चालायला लागले. अर्धीच भरली होती!

१५ जानेवारी

आता गल्ली थोडी थोडी कळायला लागलीय.

सकाळी सहाला गफूरभाईंचं क्लॅरनेट. ऐंशीच्या पुढचे आहेत, बँडमधून केव्हाच निवृत्त, पण रोज सूर लावतात. दम पुरत नाही म्हणून एकच तान तीन तुकड्यांत वाजवतात. मग त्रिवेणीताईंची पेट्यांची दुरुस्ती सुरू. जिंतूर, पालम, कुठून कुठून भजनी मंडळांच्या पेट्या येतात त्यांच्याकडे. एकच पट्टी दहादहा वेळा दाबतात. समोर मूर्ती करणारे आहेत. चार नंबरात नाटकाचे कपडे शिवणारे नवरा-बायको. आज दोरीवर झाशीच्या राणीचा शेला आणि रावणाचं धोतर शेजारी शेजारी वाळत होतं.

दारं कुणाचीच बंद नसतात. जेवायला बसलं की कुणीतरी वाटी घेऊन येतं. आणि भांडतात तरी किती! काल मूर्तिकार आणि नाटकवाले तासभर भांडले. कशावरून? तर निळा आणि अस्मानी हे दोन रंग आहेत का एकच!

मी गावात वाढले, मग होस्टेल, मग कॉटबेसिसवर. असं कुठंच बघितलं नाही. बाहेरचे लोक म्हणतात ती 'उनाडांची गल्ली' आहे. म्हणू देत.

मुंजाजीकाका अजून बोलत नाहीत. दिवसभर पहिल्या दारात बसून असतात. काम येत नाही. तरी रोज सकाळी ब्रश धुतात.

२२ जानेवारी

दिवसभरात वाढदिवसाचे सतरा फ्लेक्स. सगळे 'भावी' नगरसेवक. डोळे जड झालेत.

२८ जानेवारी

गंमतच झाली. शहराच्या सुशोभीकरणातून जुन्या गल्ल्यांना माहितीचे बोर्ड लागणार आहेत. ऑर्डर आमच्या दुकानाला! आमचे मालक मंगेशभाऊ यादी वाचता वाचता थांबले. "पेंटर गल्ली? तू तिथंच राहतीस ना? मग इतिहास तूच लिही. शंभरेक शब्द. ऐतिहासिक, वैभवशाली, असं काहीतरी टाक. पाडव्याच्या आधी द्यायचंय."

म्हटलं, खरं काय ते विचारून लिहिते.

"खरं-खोटं कोण बघतंय? आठ बाय चारचा फ्लेक्स हाय. वरती फुलं टाक."

२ फेब्रुवारी

आजपासून उरूस. रस्ता माणसांनी फुलून गेलाय. दुकान अर्धा दिवसच होतं, म्हणून वही घेऊन गल्लीत फिरले.

त्रिवेणीताई म्हणाल्या, गल्ली त्यांच्या वडिलांपासून. ते पहिले पेटीवाले. मूर्तिकार म्हणाले, छे, आमच्या आजोबांपासून. नाटकवाले तर म्हणाले, इथं आधी कंपनीचा मुक्काम असायचा, मग खोल्या झाल्या. तीन दारं, तीन इतिहास.

शेवटी भीत भीत पहिल्या दाराशी गेले. वही बघून मुंजाजीकाकांनी विचारलं, "काय लिहायलीस?" — पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलले!

सांगितलं. मग म्हणाले, "लिही. गल्लीत पहिले आले ते माझे उस्ताद. ब. पेंटर. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरानं ओळखली जायची. मराठी, उर्दू, दोन्ही. उर्दू वाचता येत नव्हतं, पण उर्दू लिहिणाऱ्या कातिबासारखं काढायचे. मी चौदा वर्षांचा आलो त्यांच्याकडं."

त्यांचं पूर्ण नाव काय?

"ब. पेंटर. सही तेवढीच असायची."

ब म्हणजे बळीराम? बाबूराव?

"तेवढंच लिही म्हणलं ना!"

आणि उठले. पण दार लावलं नाही. प्रगती आहे.

४ फेब्रुवारी

आप्पांकडे गेले. सत्तरीचे आहेत, कपाळाला भस्म, गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी. तुरीच्या पोत्यांमध्ये बसून फोनवर भाव सांगत होते. म्हणाले, "वखार आमच्या वडिलांची. लिहा की वडिलांनी कलाकारांना आश्रय दिला. त्यांचा फोटो पण देतो, बोर्डावर टाका."

मी विचारलं, खोल्या कोणत्या साली पाडल्या?

"मी सात वर्षांचा असताना." आणि थांबले. मग हळू आवाजात, "म्हणजे वडील गेल्यावर दोन वर्षांनी."

मग आश्रय कुणी दिला, आप्पा?

फोन वाजला, तुरीचा भाव सांगायला लागले. निघताना मात्र म्हणाले, "तेव्हा अव्वा गादीवर बसायची. माझी आई. चन्नबसम्मा."

७ फेब्रुवारी

जेवण टाकून लिहायला बसलेय. रागानं का आनंदानं, माहीत नाही.

दुपारी गफूरभाईंना उरुसात घेऊन गेले. एकटे जायला घाबरतात आता. दर्ग्यात दुवा मागितली, मग जिलेबी घेऊन बाकावर बसलो. समोर मौत का कुआँ. त्याच्या फळ्यांवर आता फ्लेक्स ताणलेत — वाघ, हेलिकॉप्टर. गफूरभाई म्हणाले, "पहले ये सब हाथ से बनता था बेटा. ब पेंटर का काम था. शेर ऐसा, की बच्चे रोते थे."

मी सहज म्हटलं, मुंजाजीकाकांचे उस्ताद ना ते?

गफूरभाईंची जिलेबी तोंडापाशीच थांबली. "उस्ताद?" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "उस्ताद कां के? उस्तानी थी, उस्तानी! बायनाबाई. मर्दाना शर्ट पहनती थी, बीस फूट की सीढ़ी पे खड़े होके अलिफ खींचती थी. पूरा बाजार नीचे खड़ा देखता था. मुंजाजी ने तेरे को बोल्या नै?"

नाही बोलले. कुणालाच बोलले नाहीत. त्रिवेणीताईंना पण माहीत नव्हतं, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट!

इतकी वर्षं एका बाईला 'ब.' करून ठेवलं.

८ फेब्रुवारी

विचारायची हिंमत झाली नाही.

११ फेब्रुवारी

विचारलं.

"काका, बायनाबाई कोण?"

आधी चेहरा पांढरा पडला. मग लाल. "कुणी सांगितलं? गफऱ्यानं? म्हाताऱ्याला दम राहिला न्हाई, जीभ राहिलीय." मग माझ्याकडे वळले. "तू कोण ग विचारणारी? दोन बटणं दाबून अक्षर काढणारी! तुला काय कळतंय उस्ताद म्हणजे काय! फ्लेक्सवाल्यांनी शिकवू नये मला."

सगळी गल्ली दारात आली. मला रडू आलं पण रडले नाही. एवढंच म्हटलं, "काका, मी हातानं काहीच करत नाही, खरं आहे. पण नाव झाकत तर नाही कुणाचं."

बोलायला नको होतं. बोलले.

१२ फेब्रुवारी

पहिलं दार बंद. सकाळी ब्रश धुवायला पण बाहेर आले नाहीत.

१४ फेब्रुवारी

मंगेशभाऊ विचारतात, मजकूर कुठाय. मी पळवाटा काढतेय. त्रिवेणीताई म्हणतात, "तू चुकली न्हाईस. पण घाई करू नको. सूर जुळायला वेळ लागतो. पट्टी जोरात दाबली तर तुटती."

१७ फेब्रुवारी

आज सकाळी दारात मुंजाजीकाका. हातात दोन कप चहा! "बसू का?" म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस माझ्या उंबऱ्यावर बसला.

जे सांगितलं ते आठवतं तसं लिहून ठेवते.

बायनाबाईचे वडील बैलगाड्या आणि देवळाच्या भिंती रंगवायचे. ते गेल्यावर हिनं ब्रश हातात घेतला. परभणीला आली तेव्हा बाविशीची. एकटी. शिडीवर चढणारी, पुरुषाचा शर्ट घालणारी. कोण खोली देणार? स्टेशनवर झोपायची, दिवसा पाट्या रंगवायची.

त्याच वर्षी चन्नबसम्मा विधवा होऊन गादीवर बसलेल्या. दीर म्हणाले, बाई मोंढ्यात बसते, आमची अब्रू गेली. एकही पेंटर दुकानाची पाटी लिहायला तयार नव्हता. दिरांना भ्यायचे. बायनाबाईनं लिहिली. काम संपल्यावर चन्नबसम्मांनी विचारलं, राहतीस कुठं? स्टेशनवर. त्यांनी वखारीची किल्ली काढून दिली.

दीर धावून आले. भर मोंढ्यात ओरडले — कोण कुठली बाई, जात माहीत न्हाई, आडनाव माहीत न्हाई, घरात घेतली! तर चन्नबसम्मा गादीवरून उठल्या पण नाहीत. म्हणाल्या, "आडनावानं भिंत रंगत न्हाई."

ह्याच वाक्यावर गल्ली उभी आहे! तिच्यामागोमाग ज्यांना ज्यांना कुठं खोली मिळत नव्हती ते आले. कातिब आला, बँडवाले आले, नाटकवाले आले. वखारीत भिंती घालून खोल्या पडल्या. येणाऱ्याला एकच प्रश्न.

"आणि मी," काका म्हणाले. "घरातून पळून आलो होतो. बायनाबाईनं पोटाशी धरलं. सहा महिने नुसती उभी रेघ. मग आडवी. वर्षानं पहिला अ काढू दिला."

मग काय झालं?

काकांनी कप खाली ठेवला. "एक मोठी पेढी होती कापडाची. दोन मजली पुढची भिंत. मालक म्हणाला, बाईच्या हातचं नको, आता शहर मोठं झालंय, बरं दिसत न्हाई. तू कर. मी सत्तावीस वर्षांचा. मी केलं. आणि खाली माझं नाव टाकलं. तिला न विचारता."

"दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघायला आली. रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. मी शिडीवरून उतरलो. मला म्हणाली, अक्षर चांगलं आलंय. मधलं अंतर थोडं वाढव. बास. तेवढंच. दुपारच्या गाडीनं निघून गेली."

कुठं गेल्या?

"हैदराबादकडं म्हणत होते. तिथं सिनेमाचे बोर्ड करायची. चार-पाच वर्षांनी उरुसात एक जण भेटला, त्यानं सांगितलं, सिकंदराबादेत शिडीवरून पडून गेली. मी चौकशी केली न्हाई." माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिती असती तर कधीतरी तोंड दाखवावं लागलं असतं. गेली म्हणल्यावर सुटल्यासारखं झालं मला. असा माणूस हाय मी. मग लोकांनी विचारलं, उस्ताद कोण? बाईकडं शिकलो म्हणलं तर हसत होते. ब. म्हणलं की हसत नव्हते."

चहा गार झाला होता. मी विचारलं, बायनाबाईंचं आडनाव काय, काका?

काकांनी मान हलवली. "कुणी विचारलंच न्हाई."

१८ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आप्पांकडून गल्लीत सगळ्यांना खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. मी मजकूर वाचून दाखवायला गेले.

चन्नबसम्मांचं नाव आलं तिथं त्यांनी हात वर केला. "वडिलांचं नाव न्हाई?"

मी काकांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. दीर, मोंढा, ते वाक्य. आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं चिडले.

"मी होतो तिथं," म्हणाले. "पाच वर्षांचा. पोत्यामागं लपलो होतो. माझे काका अव्वाला मारतेत का काय, असं वाटलं मला. इतकी वर्षं मला फक्त ती भीतीच ध्यानात राहिली. ती काय बोलली ते आज कळायलंय." उपरण्यानं डोळे पुसले. "वडिलांचं राहू द्या. आणि अव्वाचं नाव नीट लिहा. न ला न जोडून. कुणी चनबसम्मा लिहिलं की ती पत्र परत पाठवायची!"

२३ फेब्रुवारी

मुंजाजीकाका दुकानात आले! मंगेशभाऊंच्या समोर. स्क्रीनवर डिझाइन उघडं होतं. बायनाबाईंचं नाव, खाली फुलं. काकांनी चष्मा काढून, घालून, परत काढून बघितलं.

"हे ऊन किती वर्षं सोसतंय?"

मंगेशभाऊ म्हणाले, दोन. फार तर तीन उन्हाळे.

"मग तिचं नाव यावर नको. तिनं लिहिलेली पाटी तीस वर्षं टिकली होती. आमी हातानं लिहू. पत्र्यावर."

मंगेशभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी धीर करून बोलून टाकलं, हो, आम्ही लिहू. पाडव्याच्या आत.

"आणि न्हाई झालं तर?"

तर मला कामावरून काढा, म्हटलं. हे कुठून आलं तोंडात, देव जाणे!

मंगेशभाऊंनी डोकं खाजवलं. "काढून काय करू? तुझ्याशिवाय त्या फायली कुणाला सापडणार! पण न्हाई झालं तर फ्लेक्स लागणार. तसंच. फुलांसकट."

गल्लीत आल्यावर काकांनी मला उजवा हात दाखवला. समोर धरला. पानासारखा थरथरत होता.

"दोन वर्षं झाली असा हाय. म्हणून काम घेत न्हाई. लोकांना सांगतो, फ्लेक्समुळं." हसले. "खडूनं काढीन, चुकलं तर पुसता येतं. रंग तू भरायचा."

मी? मी तर माउस सोडून काही धरलेलं नाही!

"हातानं काय करतीस, म्हणून विचारलं होतं ना? आता कर."

२४ फेब्रुवारी

उभी रेघ. जुन्या पत्र्यावर. शंभर वेळा.

२५ फेब्रुवारी

उभी रेघ. मनगट सुजलंय.

१ मार्च

दुकानात जाण्याआधी दोन तास, आल्यावर एक. काका मागे बसून बोलतात. "श्वास धरू नको. सोड. रेघ श्वासाबरोबर खाली येती." "बोटानं न्हाई, खांद्यानं." "घाबरली की ब्रशला कळतंय बघ."

खरंच कळतंय!

स्क्रीनवर मी रोज हजार अक्षरं टाकते. एकाकडे पण बघितलेलं नव्हतं. क चं पोट, र ची शेपटी. आज रस्त्यावरून चालताना पाट्या वाचत नव्हते, अक्षरं बघत होते. एका सायकलवाल्याला धडकले.

८ मार्च

पहिला अ काढू दिला. बारा दिवसांत! "तुला वर्ष द्यायला मला वेळ कुठाय," म्हणाले. मग त्या अ कडे बघत राहिले. "पोट बरं आलंय." दिवसभर मला भूक लागली नाही.

त्रिवेणीताईंनी ओवाळलं मला. तेही ब्रशसकट.

१३ मार्च

बोर्डावर खडूनं अक्षरं आली. काकांना चार दिवस लागले. हात थांबेपर्यंत थांबायचं, मग अर्धं अक्षर. पुसायचं. परत. गल्लीतलं कुणी बोललं तरी ओरडायचे. गफूरभाईंनी क्लॅरनेट चार दिवस बंद ठेवलं!

१९ मार्च

रंग भरून झाला. काळ्यावर पिवळा, लाल शेड. एका शब्दात माझा हात घसरला, काकांनी टर्पेंटाइननं पुसून दिलं.

एक ओळ मात्र मला करू दिली नाही. माझ्या हातातून ब्रश घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि स्वतः भरली. पाऊण तास. पाच शब्द. अक्षरं थरथरलीत. तशीच ठेवली.

मजकूर उतरवून ठेवते —

पेंटर गल्ली
ही वखार कै. चन्नबसम्मा यांची. ज्यांना गावात खोली मिळत नव्हती, त्यांना त्यांनी इथे खोली दिली. आडनाव विचारले नाही.
पहिली खोली कै. बायनाबाई पेंटर यांची. परभणीच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या.
त्या मुंजाजी पेंटर यांच्या गुरू.
हातानं काम करणाऱ्या कुणालाही इथे राहता येईल.

थरथरणारी ओळ चौथी.

२२ मार्च

पाडवा. बोर्ड लागला.

महापालिकेचे साहेब आले, नारळ फुटला, दोन मिनिटांत गेले पण. नंतर खरं सुरू झालं! गफूरभाईंनी वाजवलं, दम घेत घेत, त्रिवेणीताईंनी पेटीवर साथ दिली, ते थांबले की त्या भरून काढायच्या. नाटकवाल्यांनी शेले वाटले, मला झाशीच्या राणीचा मिळाला. आप्पा बोर्डासमोर हात जोडून उभे होते. न ला न जोडलेला आहे ते बोट लावून बघितलं. रंग ओला नव्हता, नशीब.

मोंढ्यातले लोक जमले. एक म्हातारे हमाल मोठ्यानं वाचत होते. चौथ्या ओळीशी थांबले, मुंजाजीकाकांकडे बघितलं. काका तिथंच उभे होते. मान खाली नाही घातली. "हौ," म्हणाले. "बाईकडंच शिकलो."

कुणी हसलं नाही.

मंगेशभाऊंनी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली आमच्या दुकानाचा नंबर. तेवढं ते करणारच!

२५ मार्च

दुकानात दोघं आले, हातानं पाटी लिहून देता का विचारत. एक डॉक्टर, एक रसवंतीवाला. मंगेशभाऊ म्हणाले, देतो की! जसं काय ते आधीपासूनच देतात.

काकांना सांगितलं. त्यांनी फक्त ब्रश मोजले. मग म्हणाले, "दोन नंबरचा नवा आणावा लागंल. तुझ्या हाताला जुना जड होतोय."

ताईला व्हिडिओवर बोर्ड दाखवला. ती सारखी एकच ओळ वाचत होती. आडनावाची.

२९ मार्च

दुकानात फोन आला. पेडगावहून, कुणी राजेश्री. म्हणाली, बोर्डाचा फोटो बघितला, आमच्या आत्याला बोलायचंय, दोन वर्षं झाली आमच्याकडंच असती. मग एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज — "ए पोरी, मला कै. कुणी केलं?"

कोण बोलतंय, विचारलं.

"बायनाबाई पेंटर. बोर्ड खाली काढून ठेवा. शिडी आता जमत न्हाई मला. उद्या सकाळच्या गाडीनं येते, ते कै. मीच पुसते."

तशीच गल्लीत पळत आले, सांगितलं. मुंजाजीकाका भिंत धरून खाली बसले. तोंडावर हात. मला वाटलं आता दार लावून घेतील.

उठले. शिडी आणायला पळालेत. बहात्तर वर्षांचे — पळालेत!